मुरघासातला दाणा आणि गायीचे पोट

(अमरावती येथे आधारदात्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पशुवैद्य. नोकरीची बहुतेक वर्षे अचलपूर, अकोट आणि धारणी या तीन ठिकाणी गेली. निवृत्त झालो तरी लोक अजून ‘डॉक्टर, जरा येऊन जाता का’ म्हणून बोलावतात आणि मी जातो. आज मला विषय दिला आहे तो आदिवासी कुटुंबांना दुधाळ जनावरे देण्याचा. या विषयावर बोलायला उभे राहिले की दाते पहिला प्रश्न विचारतात, ‘एक गाय केवढ्याला येते?’ प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो. पण गाय आल्यावर ती खाणार काय, आणि जे खाईल ते तिच्या अंगी लागणार का, हे फारसे कुणी विचारत नाही. हल्ली काही मंडळी गायीबरोबर मुरघासाच्या बॅगाही देऊ लागली आहेत, हे फार चांगले झाले. पण मुरघास मुरघासात फरक असतो. तो फरक मुख्यतः दाण्याचा, म्हणजे दाण्यातल्या पिष्टाचा, ज्याला आपण स्टार्च म्हणतो त्याचा. आज मी त्यावरच बोलणार आहे. विषय थोडा शेणामातीचा आहे, जेवणाआधी ठेवला आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आपल्या वऱ्हाडात पूर्वी कापूस आणि ज्वारी ही दोन मोठी पिके होती. ज्वारीचा दाणा माणसाला आणि कडबा ढोराला, असा हिशेब ठरलेला होता. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे पहिले संकरित वाण आले. दाणा वाढला, पण ताट बुटके झाले. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीच वावरातून निघून गेली. आज अकोला, अमरावतीच्या खेड्यांत फिरा, गोठ्यात कडब्याच्या पेंढ्या क्वचित दिसतील. सोयाबीनचे कुटार, तुरीचे कुटार आणि परवडली तर सरकीची ढेप, एवढ्यावर जनावर काढायचे.

मेळघाटात गोष्ट वेगळी होती. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांत कोरकू, गवळी, गोंड यांची जनावरे जंगलात चरत. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, चराईवर मर्यादा येत गेल्या. या शतकाच्या सुरुवातीला बोरी, कोहा, कुंड ही गावे उठून खाली अकोट तालुक्यात आली, त्यानंतर आणखीही आली. माणसांबरोबर जनावरेही खाली उतरली. जंगलात गाय दिवसभर चालायची, हवे ते गवत, हवा तो पाला निवडून खायची. खाली आल्यावर ती खुंट्याला बांधली गेली, कारण तिन्ही बाजूंना दुसऱ्याचे कपाशीचे वावर. जंगलातली विद्या इथे कामाची राहिली नाही आणि खुंट्यावर जनावर पोसण्याची विद्या कुणी शिकवली नाही. दाते गाय देतात ती नेमकी अशा घरी.

आता गायीच्या पोटाकडे येऊ. लेवीयच्या अकराव्या अध्यायात रवंथ करणाऱ्या प्राण्यांची गोष्ट आहे, ती आपण सर्वांनी वाचली आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाला चार कप्पे असतात: कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. कोटीपोट सर्वांत मोठे. मोठ्या संकरित गायीच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या वर माल मावतो. म्हणजे घरच्या पाण्याच्या पिंपाचा अर्धा भाग धरा. या पिंपात गाय स्वतः काहीच पचवत नाही. तिथे कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, ते पचवतात. आपण गायीला चारा घालतो असे म्हणतो, पण खरे पाहता आपण या जीवांना जेवू घालतो. ते चाऱ्यावर जगतात, वाढतात, आणि त्यांनी टाकलेल्या आम्लांवर गाय जगते. शेवटी हे जीवसुद्धा वाहत पुढच्या पोटात जातात आणि पचतात. गायीला प्रथिने मिळतात त्यातला मोठा वाटा याच जीवांचा असतो.

गवत, कुटार, कडबा यांतला तंतू हे जीव सावकाश कुजवतात. त्यातून मुख्यतः ॲसिटिक आम्ल निघते आणि त्याचा उपयोग दुधातली फॅट बनवायला होतो. दाण्यातले पिष्ट ते झपाट्याने आंबवतात आणि त्यातून प्रोपिऑनिक आम्ल जास्त निघते. ते यकृतात जाते, तिथे त्याची ग्लुकोज साखर होते, आणि त्या साखरेपासून कासेत दुधाची साखर बनते. कासेत जेवढी दुधाची साखर तयार होईल तेवढे पाणी ती ओढून घेते. म्हणून दूध किती लिटर निघणार हे बऱ्याच अंशी पिष्टावर ठरते. नुसत्या कुटारावर दहा लिटरची गाय चार लिटरवर येते, आणि मालकाला वाटते की आपल्याला फसवून भाकड गाय दिली.

मग पिष्ट भरपूर घालावे की! इथेच मेख आहे. पिष्ट आहे कुठे आणि ते सुटते किती वेगाने, यावर सगळे अवलंबून आहे.

मक्याचा एक वाळलेला दाणा घेऊन मधोमध फोडून पाहा. मध्ये पांढरा पिठूळ भाग दिसेल आणि कडेला पिवळा, काचेसारखा कडक भाग. पिष्टाचे कण दोन्हीकडे आहेत. पण कडक भागात ते विटांसारखे रचलेले असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनांचा चुना भरलेला असतो. हा चुना पाण्यात विरघळत नाही. जीवांना आधी तो फोडावा लागतो, मग विटा हाती लागतात. आपल्याकडच्या पुष्कळशा मक्यात हा काचेसारखा भाग जास्त असतो. ज्वारीत चुना त्याहून घट्ट, शिवाय दाणा बारीक, त्यामुळे तो दाताखाली न सापडता अख्खाच खाली जातो. गव्हात उलट. गव्हाचा चुना ढिला असतो, भरडा घातला की त्याचे पिष्ट थोड्याच तासांत आंबून जाते. शिजवलेल्या भाताचे तर विचारूच नका. म्हणजे मका, ज्वारी, गहू, तांदूळ या सगळ्यांत शेकड्याला साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त भाग पिष्टच असते, पण गायीच्या पोटात चौघांची चाल वेगळी आहे. गहू आणि भात धावतात, मका चालतो, ज्वारी रेंगाळते.

आता मुरघास. हिरवा चारा बारीक कापून, हवा न राहील असा दाबून, झाकून ठेवला की त्यातल्या साखरेवर दुधाच्या विरजणातल्यासारखे जीव वाढतात, आंबटपणा येतो आणि चारा कुजत नाही. चारा टिकवण्याच्या एका पद्धतीसाठी फिनलंडच्या विर्तानेन या शास्त्रज्ञाला १९४५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते, एवढा हा मोठा विषय आहे. आपल्याकडे त्याला फार सुंदर नाव आहे. मुरघास, म्हणजे मुरलेला घास. मुरणे म्हणजे काय ते लोणचे घालणाऱ्या बहिणींना सांगायला नको. आज घातलेली कैरीची फोड करकरीत असते, दोन महिन्यांनी तीच दाताला मऊ लागते. मुरघासातल्या दाण्याचेही तसेच होते. खड्ड्यातले जीव मुख्यतः साखर खातात, पिष्टाला फारसा हात लावत नाहीत. पण ओल, आम्ल आणि महिने यांनी तो मघाचा चुना भुसभुशीत होत जातो. पंचेचाळीस दिवसांनी खड्डा उघडता येतो, तसे पुस्तकातही सांगतात. परंतु त्या दिवशी दाण्यातले जेवढे पिष्ट गायीला मिळते, त्यापेक्षा तीन-चार महिन्यांनी जास्त मिळते. तोच खड्डा, तोच मका, पण डिसेंबरात आणि एप्रिलात त्याचा गुण सारखा नसतो. म्हणून खड्डा जुना होत जाईल तसा वरचा भरडा थोडा कमी करायला मी सांगतो. पैसेही वाचतात आणि पोटही.

दुसरी गोष्ट, मुरघास म्हटले की सगळे एकच असे समजू नका. नेपियर गवताचाही मुरघास करतात. तो चांगला चारा आहे, पण त्यात दाणाच नाही, तर पिष्ट कुठून येणार? उसाच्या वाढ्यांचा करतात, त्यात थोडी साखर असते, तीही खड्ड्यातले जीव आधीच खाऊन टाकतात. आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका उंच होतो, दिसायला राजेशाही, पण कणीस भरायच्या आधीच कापला तर तो गवताच्याच पंक्तीत बसतो. कणीस नीट भरलेल्या मक्याचा मुरघास मात्र वेगळा. त्याच्या कोरड्या भागात पाव हिस्सा किंवा जरा जास्तच पिष्ट असते. हिशेब सांगतो. अशा मुरघासाचे पंधरा किलो गायीला घातले, त्यात कोरडा भाग साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे पिष्ट साधारण सव्वा किलो. तेवढ्याच वजनाच्या नेपियरच्या मुरघासात जवळजवळ शून्य. बॅगेचा रंग एक, वास एक, आणि भाव पाहाल तर फारसा फरक नाही. दात्याने पैसे कशाचे दिले, हे दात्याला कळतच नाही.

आणि दाणा बॅगेत आहे म्हणजे गायीला मिळाला असेही नाही. अकोटकडचा एक शेतकरी मला म्हणाला होता, ‘डॉक्टर, मका त खाऊ घातला, पन शेनात जसाच्या तसा निंगून रायला.’ त्याचे निरीक्षण अगदी बरोबर होते. परदेशात मुरघासाची कापणी करणाऱ्या मोठ्या यंत्रांत दाणा चिरडणारे रूळ असतात. आपल्या कडबाकुट्टीला फक्त पाते असते. पात्याखाली सापडला तो दाणा फुटतो, बाकीचे अख्खे राहतात. अख्खा दाणा कोटीपोटातून निसटतो, आतड्यातही त्याचे थोडेच पचते, उरलेला शेणात.

यासाठी मी घरोघरी एक परीक्षा शिकवत आलो आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. ओंजळभर ताजे शेण घ्यायचे, जुन्या चाळणीत टाकायचे आणि वरून पाणी सोडत हाताने हलवत राहायचे. चाळणी मात्र पिठाची नको, त्यासाठी वेगळी ठेवा, नाहीतर घरात माझे नाव खराब होईल. पाणी निवळ येईपर्यंत धुतले की चाळणीत काय उरते ते पाहा. थोडा लांब तंतू, दाण्याची रिकामी टरफले उरली तर उत्तम. अख्खे दाणे उरले आणि नखाने दाबल्यावर आतून पांढरे पीठ निघाले, तर समजा की तेवढा दाणा फुकट गेला. पुनर्वसनातल्या एका वस्तीत मी हे करून दाखवले तेव्हा बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या खेपेला गेलो तर त्यांनी स्वतःच धुऊन, दाणे वाळवून, कागदाच्या पुडीत माझ्यासाठी ठेवले होते. तीन घरांच्या तीन पुड्या. कुणाची पुडी जड, कुणाची हलकी, यावर त्यांच्यात चर्चाही होऊन गेली होती. मोठमोठ्या प्रशिक्षण शिबिरांत मी एवढे लक्ष कुणाचे पाहिले नाही.

दाणे दिसले तर उपाय काय? कापणीची वेळ साधायची. मक्याचा दाणा कणसातून काढून मोडून पाहावा, बाहेरचा अर्धा घट्ट आणि कणसाकडचा अर्धा दुधाळ असला की ताट कापायला आले. त्याच्या पुढे गेला की दाणा कडक होत जातो आणि ताटही वाळते, मग खड्डा नीट दाबला जात नाही. ज्वारीसाठी तर आपल्याकडे तयार खूण आहे, हुरडा. ज्वारी हुरड्याला आली, त्यानंतर दाणा चिमटीत कणकेसारखा दबतो तोवर कापून टाकावी. कडक झालेल्या ज्वारीचा मुरघास म्हणजे पाखरांचा दाणा गायीला घालण्यासारखे आहे. तुकडे एक ते दोन सेंटिमीटरचे ठेवावेत. मक्याची कणसे कडबाकुट्टीतून दोनदा काढली तरी बराच फरक पडतो. आणि जमल्यास खड्डा तीन महिने तरी उघडू नये. कोवळी, पावसाचा ताण पडलेली ज्वारी हिरवी कापून घालू नका, तिचे विष जनावराला लागते, हे इथल्या जुन्या माणसांना माहीत आहे. मुरघासात ते विष बरेच उतरते, हा ज्वारीच्या मुरघासाचा आणखी एक फायदा.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. मेळघाटात मुले कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या आपण १९९० च्या दशकापासून वाचत आलो आहोत. कोरकू घरात मका आणि ज्वारी हे माणसाचे अन्न आहे. अशा घरी जाऊन मी कसे सांगू की कणसासकट मका कापा आणि खड्ड्यात गाडा, गायीला पिष्ट पाहिजे? काही मंडळी सांगतात. त्यांच्याजवळ छापील पत्रके असतात, त्यांत लिहिलेले चूकही नसते. पण ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वीस गायींच्या गोठ्यासाठी लिहिलेले असते. एका एकरावर चार-पाच माणसे जगवणाऱ्या घराला ते लागू पडत नाही.

अशा घरासाठी मार्ग वेगळा आहे. मक्याची कणसे हिरवी असताना, भुट्ट्याला आली की खुडून घ्यायची. काही खायची, काही परतवाडा किंवा धारणीच्या बाजारात विकायची. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ताटे कापून खड्ड्यात भरायची. ताट अजून हिरवे, रसाळ असते, त्यात साखर असते, त्याचा मुरघास उत्तम मुरतो. त्यात पिष्ट नसते, हे मान्य. पण दोन-तीन लिटर देणाऱ्या गावरान गायीला एवढे पिष्ट लागतच नाही. तिचे भागते ते चांगल्या हिरव्या तंतूवर, मूठ-दोन मूठ ढेपेवर आणि मिठावर. कणसासकट मुरघास तिला घालणे म्हणजे मुलांच्या ताटातला घास काढून नको तिथे टाकणे होय. उलट दहा-बारा लिटरची जर्सी संकरित गाय ताटांच्या मुरघासावर ठेवली, तर ती आधी स्वतःचे अंग झिजवून दूध देईल, मग आटेल, मग गाभण राहणार नाही.

म्हणून गाय कोणती द्यायची हे दात्याने ठरवू नये, घरातल्या दाण्याने ठरवावे. ज्या घरी माणसांना पुरून दाणा उरतो किंवा ओलिताचा अर्धा एकर वेगळा मक्यासाठी ठेवता येतो, तिथे संकरित गाय द्या. बाकीच्या घरी गावरान गाय द्या, नाहीतर पूर्णा काठची भुरी म्हैस, पूर्णाथडी, द्या. ती आपल्याच मुलखातली आहे, ऊन सोसते, आणि निकृष्ट कुटारावरही निभावून नेते. फोटोत जर्सी चांगली दिसते, हे मला ठाऊक आहे. पण फोटो एकदाच काढायचा असतो, चारा रोज घालावा लागतो.

पिष्ट कमी पडले तर गाय आटते, पण अचानक जास्त झाले तर गाय मरते. हे सांगताना मला धारणीकडचा एक ढाणा आठवतो. एका संस्थेने तिथे संकरित गाय दिली. गाय आणली होती सपाटीवरून, तिथे ती कुटार आणि थोड्या ढेपेवर होती. दात्यांनी प्रेमाने गव्हाचे एक पोतेही बरोबर पाठवले. घरच्यांना वाटले, एवढी मोठी गाय, एवढे दूध देणार, तिला जेवूही तसेच घातले पाहिजे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चार-पाच किलो गव्हाचा भरडा भिजवून घातला, सकाळी पुन्हा. मला निरोप आला तेव्हा गाय बसली होती, डोळे खोल गेले होते, शेण पातळ आणि आंबूस. कोटीपोटावर हात दाबला की आत पखालीत पाणी हलावे तसा आवाज. ती वाचली नाही. घरातली म्हातारी मला सारखी विचारत होती, ‘आम्ही तिले उपाशी त नाही ठेवलं नं बाबू?’

झाले होते असे. कोटीपोटाचा सामू एरवी सहा ते सातच्या दरम्यान असतो. एकदम भरपूर पिष्ट आले की लॅक्टिक आम्ल बनवणारे जीव बेसुमार वाढतात, सामू साडेपाचच्या खाली, मग पाचच्याही खाली घसरतो, तंतू पचवणारे जीव मरतात, आम्ल रक्तात शिरते. हे एका दिवसात होते. याला आम्लीय अपचन म्हणतात. गायीजवळ स्वतःचा एक उपाय असतो, तो म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते आणि त्या लाळेत आपल्या खायच्या सोड्याचाच क्षार असतो. पण लाळ सुटते रवंथ केल्यावर, आणि रवंथ होतो लांब तंतू खाल्ल्यावर. भरडा, पीठ, अति बारीक कुट्टी यांवर रवंथ होत नाही. अकोल्याच्या मे महिन्यात तर गाय धापा टाकते, तोंडातून लाळ गळून जाते, श्वासावाटेही हा तोल बिघडतो. म्हणून उन्हाळ्यात दाणा कमी आणि तोही पहाटे किंवा रात्री, दिवसभर पुढ्यात थोडे कुटार किंवा कडबा, असे मी सांगतो.

आपल्या सर्वांसाठी एक सूचना, जरा स्पष्टच बोलतो. लग्नात, नाताळच्या जेवणात, कापणीच्या सणाला भात, पोळ्या, बुंदी उरते. ‘टाकण्यापेक्षा गायीच्या मुखी जाऊ द्या’ म्हणून ती घमेल्याने गायीपुढे ओतली जाते. जेवणावळीनंतर दुसऱ्या दिवशी मला येणारे फोन याच कारणाचे असत. उरलेले अन्न गायीला घालायचेच असेल तर मूठ-दोन मूठ, तेही वैरणीत मिसळून. एखादी गाय ढिगावर तोंड मारून आलीच, तर सगळा दाणा बंद करा, सुके कुटार पुढे ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. सोडा पाण्यातून पाजतात, पण किती ते त्यांनाच विचारा.

कोटीपोटातले जीव नव्या चाऱ्याला सरावायला दोन ते तीन आठवडे घेतात. म्हणून माझी एक मागणी आहे. जी गाय द्याल, तिच्याबरोबर ती ज्या गोठ्यातून आली तिथलाच पंधरा दिवसांचा चारा पाठवा. पोतेभर गहू नको. जुना चारा रोज थोडा कमी करायचा आणि नवा थोडा वाढवायचा, एवढेच.

खड्ड्याचा खर्च फार नाही. एका संकरित गायीला फेब्रुवारी ते जून, दीडशे दिवस, रोज बारा किलो मुरघास धरला तर अठराशे किलो लागतो. एका घनफुटात साधारण पंधरा किलो बसतो. म्हणजे सहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा पुरतो. पाणी न साचणारी उंचवट्याची जागा, चांगला जाड प्लास्टिक कागद आणि चार घरांत मिळून एक कडबाकुट्टी. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, पदव्युत्तर पशुवैद्यक संस्थाही अकोल्यातच आहे, त्यामुळे सल्ला विचारायला लांब जायला नको. फक्त वेळेचे भान ठेवा. जूनच्या शेवटी पेरलेला मका सप्टेंबरात कापणीला येतो. मदत नाताळात गोळा झाली तर मका तोवर वाळून गेलेला असतो. कागदाचे आणि कडबाकुट्टीचे पैसे पोळ्याच्या आधी गावात पोचले पाहिजेत.

भाषणानंतर एका भगिनीने विचारले की, आमच्या महिला मंडळाला तयार बॅगाच द्यायच्या आहेत, तर त्या घेताना काय पाहावे? त्यांना मी सांगितले ते इथेही लिहितो. विकणाऱ्याला आधी विचारा की पीक कोणते आणि कणीस भरल्यावर कापले का, आधी कापले. बॅग कोणत्या महिन्यात भरली तेही विचारा. मग एक बॅग त्याच्यासमोर उघडायला लावा. रंग पिवळसर हिरवा आणि वास आंबटगोड असला पाहिजे. काळा पडलेला, बुरशी आलेला किंवा कुबट वासाचा असेल तर परत करा. मूठभर माल पांढऱ्या कागदावर पसरा आणि दाणे शोधा. दाणे नसतील तर मक्याचा भाव देऊ नका. असतील तर किती फुटलेले आणि किती अख्खे ते मोजा. आणि घेतलेल्या बॅगांपैकी निम्म्या मार्चपर्यंत उघडू नका, असे ज्या घरी द्याल तिथे सांगून या.